नळ, नाला आणि घरपट्टी



वसंताचे स्वागत कवींनी आम्रमंजरीने आणि कोकिळेच्या कूजनाने करावे, हे ठीकच आहे. परंतु नगराचा कारभार ज्यांच्या हाती असतो त्यांच्या दप्तरी वसंत हा जमाखर्चाचा, पाण्याच्या चिंतेचा आणि पावसाळ्याच्या पूर्वतयारीचा ऋतू होय. फाल्गुनाच्या सुमारास करवसुलीची घाई उडते. ३१ मार्च रोजी सरकारी वर्ष संपते. गुढ्या उतरतात न उतरतात तोच तलाव व धरणे तळ दाखवू लागतात. आणि वैशाख लागला की नाल्यांतील गाळ मृगाच्या आधी निघेल की नाही, हा प्रश्न उभा राहतो. वर्षभर ज्या गोष्टींबद्दल आपण कुरकुर करणार असतो त्यांपैकी बहुतेकींचा निकाल या तीन-चार महिन्यांत लागून गेलेला असतो. आणि याच महिन्यांत सुशिक्षित गृहस्थाचे लक्ष मुलांच्या परीक्षा, लग्नसराई आणि कोकणातील आंबा यांकडे असते. त्याला दोष तरी कसा द्यावा?

आज मी उदाहरण घेणार आहे ते नवीन पनवेलचे. हे नगर निवडण्याचे कारण असे की, इतरत्र नागरिकाला ‘काय मागावे’ एवढाच प्रश्न असतो. येथे त्याआधी ‘कोणाकडे मागावे’ हा प्रश्न सोडवावा लागतो. नवीन पनवेलमधील एखादे मध्यमवर्गीय घर डोळ्यांपुढे आणा. नळाच्या पाण्याचे देयक ‘सिडको’कडून येते. कचऱ्याची गाडी महानगरपालिकेची असते. वीज महावितरणची. मालमत्ता कर महानगरपालिकेचा. आणि ज्या जमिनीवर इमारत उभी आहे ती मात्र ‘सिडको’ने साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली. अशा घरातील गृहिणीने सकाळी कोरड्या नळाकडे पाहून ‘नगरपालिका झोपली आहे काय?’ असे म्हटले, तर तिचा संताप योग्य, पण पत्ता चुकीचा ठरण्याचा संभव असतो.

ही स्थिती कशी उत्पन्न झाली हे समजण्यास थोडे मागे गेले पाहिजे. पनवेलची नगरपालिका आपल्या देशातील जुन्या नगरपालिकांपैकी एक आहे. १८५० साली इंग्रज सरकारने एक कायदा करून, ज्या गावच्या रहिवाशांना इच्छा असेल त्यांनी आपल्या गावच्या स्वच्छतेची व सुधारणेची व्यवस्था करावी आणि त्यासाठी कर बसवावा, अशी मोकळीक दिली. त्या कायद्याखाली १८५२ साली पनवेलची नगरपालिका स्थापन झाली. लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याविषयीचा प्रसिद्ध ठराव त्यानंतर तीस वर्षांनी, म्हणजे १८८२ साली आला, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्राचीनतेचे महत्त्व कळते. घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्या मालाची व खाडीतील गलबतांची ही पेठ. वडाळे, कृष्णाळे, देवाळे अशी तळी पोटात बाळगून ती वसलेली होती, आणि तिचा नगरकारभार तिच्या मापाने चालत होता.

पुढे १९७० च्या मार्च महिन्यात मुंबईवरील लोकसंख्येचा भार हलका करण्यासाठी राज्य शासनाने ‘सिडको’ ही कंपनी स्थापन केली, आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या भूमीवर नवी मुंबई वसविण्याचे काम तिच्याकडे सोपविले. नवीन पनवेल हे त्याच योजनेचे अपत्य. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. ‘सिडको’ ही जमीनदार होती, इमारती बांधणारी होती, रस्ते-गटारे करणारी होती, आणि सेवाशुल्क घेऊन कचरा उचलणारीही होती. परंतु तिचे संचालक शासन नेमते, रहिवासी निवडून देत नाहीत. रेखीव सेक्टर व झाडांच्या रांगा तिने दिल्या, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. मत देण्याचा हक्क देणे हे तिचे कामच नव्हते.

नव्या मुंबईच्या उत्तरेकडील भागाला १९९२ साली स्वतःची महानगरपालिका मिळाली. पनवेल बाजूच्या वसाहतींना मात्र १ ऑक्टोबर २०१६ पर्यंत थांबावे लागले. त्या दिवशी जुनी पनवेल नगरपालिका आणि खारघर, कामोठे, कळंबोली, तळोजे इत्यादी २९ गावांचा प्रदेश एकत्र करून पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. रायगड जिल्ह्यातील ही पहिलीच. मे २०१७ मध्ये ७८ नगरसेवकांची निवड झाली. परंतु कागदावर एक नगर झाले म्हणून नळ, गटारे आणि बागा एका रात्रीत एका हाती येत नसतात. एकेक सेवा, एकेक रस्ता, एकेक उद्यान ‘सिडको’कडून पालिकेकडे हस्तांतरित होत गेले. मधल्या काळात ‘दोन घरचा पाहुणा उपाशी’ ही म्हण वसाहतींतील रहिवाशांनी पुरेपूर अनुभवली.

आता पाण्याकडे वळू. चैत्र-वैशाखातील पहिली चिंता तीच, आणि नवीन पनवेलच्या पाण्याची हकीकत मोठी कुतूहलाची आहे. जुन्या पनवेलला माथेरानच्या पायथ्याशी गाढी नदीवर बांधलेल्या देहरंगच्या धरणाचा आधार आहे. ते पालिकेच्या स्वतःच्या मालकीचे. पण लहान, गाळाने भरत चाललेले, आणि ऐन उन्हाळ्यात हात टेकणारे. नवीन पनवेलला मिळणारे पाणी मुख्यतः पाताळगंगा नदीचे. महाराष्ट्र जीवन प्राधिकरण ते नदीतून उचलते, भोकरपाडा येथे शुद्ध करते, आणि ‘सिडको’ ते विकत घेऊन घरोघरी पोचविते.

परंतु उन्हाळ्यात पाताळगंगेला पाणी येते कोठून? सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील आखूड नद्या डिसेंबरानंतर आटतात. ही नदी वाहती राहते याचे कारण खोपोलीचे वीजघर. १९१५ साली टाटांनी ते उभारले, मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविण्यासाठी. लोणावळ्याभोवतीच्या वळवण, शिरवता इत्यादी तलावांतील पाणी मोठ्या नळांतून दीड हजार फुटांहून अधिक उंचीवरून खाली येते, चक्रे फिरविते, आणि काम संपले म्हणजे पाताळगंगेत सोडले जाते. म्हणजे जे पाणी निसर्गक्रमाने इंद्रायणीवाटे आळंदीवरून, पुढे भीमा व कृष्णा या नद्यांतून पूर्वसमुद्राला जावयाचे, ते उलट दिशेला वळून नवीन पनवेलच्या स्वयंपाकघरात येते. शंभर वर्षांपूर्वी गिरण्यांसाठी केलेल्या योजनेच्या सांडपाण्यावर, हा शब्द मी येथे तुच्छतेने वापरीत नाही, आज लाखो लोकांची तहान भागते.

या योगायोगात एक अडचण लपलेली आहे. वीजघर चालते ते विजेच्या मागणीप्रमाणे, पनवेलकरांच्या तहानेप्रमाणे नव्हे. तेथील वीजनिर्मिती थांबली किंवा घटली की नदीचा प्रवाह मंदावतो, उपसा कमी होतो, आणि दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरील नळ कोरडा पडतो. त्यातच वाटेतील जलवाहिन्या जुन्या. एखादी फुटली की सगळी वसाहत तिष्ठत बसते. या कारणास्तव न्हावा-शेवा पाणीपुरवठा योजनेचा पुढील टप्पा हाती घेण्यात आला. त्याचे पाणी महानगरपालिका, ‘सिडको’, बंदर प्राधिकरण आदींनी वाटून घ्यावयाचे आहे. तेव्हा नळाला पाणी कमी आले असता निदान तीन शक्यता असतात: नदीत पाणी कमी, प्राधिकरणाच्या वाहिनीत बिघाड, किंवा ‘सिडको’च्या वाटपात दोष. चौथी शक्यता आपल्याच सोसायटीच्या टाकीतील गळतीची. ती तपासण्यास कोणाचीच परवानगी लागत नाही, आणि बहुधा म्हणूनच ती शेवटी तपासली जाते.

आता घरपट्टी. कर हा विषय रुक्ष खरा. पण या नगरात त्याने जेवढी मने तापली तेवढी दुसऱ्या कशाने तापली नसतील. प्रथम त्याची आकारणी कशी होते ते पाहू. महानगरपालिका अधिनियमाच्या पद्धतीप्रमाणे इमारत भाड्याने दिली असता वर्षाला किती भाडे येणे वाजवी ठरेल, याचा अंदाज केला जातो. त्यातून दुरुस्तीखातर एकदशांश वजा केला म्हणजे उरते ते ‘करयोग्य मूल्य’. उदाहरणार्थ, वार्षिक भाडे ६०,००० रुपये धरले तर करयोग्य मूल्य ५४,००० रुपये होते, आणि कराचे सर्व टक्के त्या रकमेवर लागतात. देयकात जी निरनिराळी नावे दिसतात त्यांतील सर्वच पैसा पालिकेच्या तिजोरीत राहत नाही. शिक्षण उपकर हा राज्य शासनाचा. पालिका तो केवळ गोळा करून देते. अनिवासी मालमत्तेवरील रोजगार हमी उपकराचीही तीच गोष्ट. देयक हाती आल्यावर एकूण रकमेकडे पाहून धसका घेण्याऐवजी हे रकाने वाचण्याची सवय केली, तर पुष्कळसा वाद योग्य जागी जाऊन पोचेल.

वसाहतींतील तंटा मात्र वाचनाने मिटणारा नव्हता. महानगरपालिका स्थापन झाली २०१६ साली. तिच्याकडून मालमत्ता कराची देयके वसाहतींतील रहिवाशांच्या हाती पडली २०२१ साली, आणि तीही १ ऑक्टोबर २०१६ पासूनच्या थकबाकीसह. दरम्यानच्या काळात हेच रहिवासी ‘सिडको’ला सेवाशुल्क भरीत होते. त्यांचे म्हणणे असे की, ज्या वर्षांत सेवा दुसऱ्याने दिली आणि तिचे मोल आम्ही दुसऱ्यास दिले, त्या वर्षांचा कर तुम्ही कशाबद्दल मागता? हा दुहेरी कर होय. पालिकेचे म्हणणे असे की, मालमत्ता कर ही एखाद्या सेवेची किंमत नव्हे; नगराच्या हद्दीत मालमत्ता असणे हेच त्याचे कारण, आणि हद्द २०१६ पासूनची आहे. वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. पुढे २०२५ साली पालिकेने थकबाकीवरील शास्तीत सवलत देणारी अभय योजना काढली.

कायद्याच्या दृष्टीने शुल्क आणि कर यांतील भेद खरा आहे, हे मान्य केले पाहिजे. दुकानदाराला पैसे दिले म्हणून सरकारला कर देणे चुकत नाही. परंतु मला वाटते, रहिवाशाच्या मनाला लागली ती कराची रक्कम एवढीच नव्हे. पाच वर्षांचे ओझे एकदम डोक्यावर आले ते लागले. दरसाल देयक आले असते तर त्याने दरसाल हिशेब विचारला असता. वसुलीच्या आणि जाब विचारण्याच्या सवयी बरोबरच वाढत असतात. त्यातून शास्तीचे गणितही मोठे कठोर आहे. मुदतीत न भरलेल्या करावर दरमहा दोन टक्के शास्ती बसते. पाच हजारांच्या थकबाकीवर महिन्याला शंभर, वर्षाला बाराशे, आणि पाच वर्षांत सहा हजार, म्हणजे मुद्दलाहून अधिक! ज्यांनी आंदोलनाच्या भरात देयके बाजूस ठेविली त्यांतील पुष्कळांना हे गणित उशिरा उमगले. वाद चालू असला तरी करयोग्य मूल्याविषयीची हरकत नोटिशीतील मुदतीतच लेखी नोंदविली पाहिजे. आणि न्यायालयात अपील करावयाचे झाल्यास, मागणीची रक्कम आधी भरण्याची अट कायद्यातच आहे. हे अन्यायाचे वाटो वा न वाटो, माहीत असणे बरे.

आता अंदाजपत्रक. पुढील वर्षाच्या कराचे दर महानगरपालिकेने २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावेत असे अधिनियम सांगतो. आयुक्त अंदाज तयार करून स्थायी समितीपुढे ठेवतात. समिती त्यात फेरफार करून सर्वसाधारण सभेपुढे आणते. सभा ते मंजूर करते. या तीन पायऱ्यांचा हेतू असा की, पैसा खर्च करणारा आणि खर्चास मान्यता देणारा हे एकच असू नयेत. परंतु जुलै २०२२ मध्ये पहिल्या सभागृहाची मुदत संपली, निवडणुका लांबल्या, आणि साडेतीन वर्षे प्रशासकाचा अंमल राहिला. त्या काळात अंदाजपत्रक मांडणाराही तोच आणि मंजूर करणाराही तोच. रस्ते झाले नाहीत असे नव्हे. काही कामे झपाट्यानेही झाली असतील. पण आपल्या सेक्टरातील गटाराला तरतूद का नाही, हे भर सभेत उठून विचारणारा कोणी नव्हता. १५ जानेवारी २०२६ रोजी पुन्हा मतदान झाले आणि ती जागा भरली. १८५२ पासून स्वराज्याची परंपरा सांगणाऱ्या या गावाला मधली वर्षे शोभणारी नव्हती, असे मला वाटते.

याच दिवसांत आणखी एक गर्दी उसळते, ती दाखल्यांसाठी. शाळाप्रवेश समोर दिसू लागले की जन्मदाखल्याची आठवण होते. जन्माची नोंद २१ दिवसांत करावयाची असते. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या बाबतीत शाळेपासून पुढील अनेक कामांना हाच दाखला प्रमाण मानावा, असे कायद्यात केलेल्या दुरुस्तीने ठरविले आहे. तेव्हा नावातील काना-मात्रा आत्ताच तपासून घ्यावी. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली झाला. त्याअन्वये अशा अधिसूचित सेवांना दिवसांची मर्यादा घालून दिलेली असते. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागता येते, आणि मुदत टळली तर वरिष्ठाकडे अपील करता येते. ‘साहेब उद्या या म्हणाले’ हे उत्तर या कायद्यात बसत नाही.

शेवटी नाल्यांविषयी. या बाबतीत उशिराची किंमत पैशात मोजता येत नाही. नवीन पनवेलच्या कडेने वाहणारी गाढी नदी माथेरानच्या डोंगरावरून उतरते आणि थोड्याच अंतरात पनवेलच्या खाडीला मिळते. वरून डोंगराचे पाणी, खालून समुद्राची भरती, आणि मध्ये वस्ती, अशी ही रचना. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत या खोऱ्याने काय भोगले ते पनवेलकर विसरलेले नाहीत. भरीस भर म्हणजे नदीच्या दोन तीरांवर कारभार एक नाही. विचुंबे, देवद यांसारखी गावे २०१६ च्या त्या २९ गावांत नव्हती. तेथे ग्रामपंचायती आहेत. वरच्या बाजूला कोणी पात्रात राडारोडा टाकला तर खालच्या पालिकेला केवळ पत्र लिहिता येते. पाण्याला ही हद्द समजत नाही, हे सांगावयास नकोच.

शेजारच्या कळंबोलीची तर गोष्टच निराळी. तिचा बराच भाग भरतीच्या पातळीहून खाली आहे. म्हणून ‘सिडको’ने तेथे धारण तलावांची योजना केली. भरतीचा लोंढा आला की खाडीकडील झडपा पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात. तेवढ्या वेळात वसाहतीत पडलेला पाऊस तलावात साठतो. ओहोटी लागली की झडपा उघडून तो खाडीत निघून जातो. योजना सुंदर आहे, पण तिचा सारा प्राण तलावाच्या खोलीत आहे. गाळाने तलाव जितका उथळ होईल तितका पाऊस रस्त्यावर राहील. आणि आता त्या गाळात कांदळवन वाढले आहे. कांदळवनास कायद्याचे संरक्षण असल्यामुळे ते हलवून गाळ काढावयाचा तर उच्च न्यायालयाची अनुमती लागते. किनाऱ्याचे रक्षण करणारी झाडे आणि पुरापासून रक्षण करणारा तलाव, दोन्ही हवीत. अशा वेळी निर्णय एप्रिलात मागून मेमध्ये मिळत नसतो. त्याची तजवीज आदल्या हिवाळ्यात करावी लागते.

आपल्या दारापुढील गटाराचे काम मात्र एवढे अवघड नाही. मे महिन्यात सफाई होते तेव्हा काढलेला गाळ वाळण्यासाठी काठावर ठेवतात. दोन-चार दिवसांत तो उचलला गेला नाही, तर वळवाची पहिली सर त्याला जेथून काढला तेथेच परत नेऊन सोडते, आणि खर्च झाला, देयक निघाले, नाला तसाच राहिला, असा प्रकार घडतो. तेव्हा संध्याकाळी फिरावयास जाल तेव्हा काठावर गाळाचे ढीग किती दिवस पडून आहेत ते पाहावे. पडून असतील तर सेक्टर, भूखंडाचा क्रमांक आणि तारीख घालून चार ओळींचा अर्ज प्रभाग कार्यालयात द्यावा. तो नाला अद्याप ‘सिडको’कडे आहे असे उत्तर मिळाले तर तेच उत्तर लेखी मागावे, आणि त्याची प्रत जोडून दुसरा अर्ज ‘सिडको’च्या कार्यालयात द्यावा. दोन्ही अर्जांवर आवक क्रमांक घेण्यास विसरू नये. हे सारे मेच्या पहिल्या पंधरवड्यात झाले पाहिजे. कारण ७ जूनच्या सुमारास मृग लागतो.